तीन चाकांची मौज : मोटारसायकल व स्पोर्ट्स कार यांच्याशी एक तुलना

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मराठी माणसाच्या आयुष्यात तीन चाके फार लवकर येतात. मूल भिंतीला धरून उभे राहू लागले की सुताराकडून पांगुळगाडा आणला जातो. मूल चालू लागले की तो गाडा माळ्यावर जातो. पुढे तीन चाके पुन्हा भेटतात ती रिक्षाच्या रूपाने. म्हणजे आपल्याकडे तीन चाके एक तर शिकण्यासाठी असतात, नाही तर पोटासाठी. एखादा सुखवस्तू माणूस केवळ वाऱ्यावर भटकण्याच्या हौसेसाठी लाखो रुपये मोजून तीन चाकांचे वाहन घेतो, ही गोष्ट आपल्या सहजी पचनी पडत नाही. परंतु ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका या देशांत अशी वाहने आहेत, त्यांचे कारखाने आहेत आणि त्यांचे वेडही आहे. त्यांची तुलना नेहमी दोन वाहनांशी होते : एका बाजूला मोटारसायकल आणि दुसऱ्या बाजूला दोन आसनांची स्पोर्ट्स कार. हे तिसरे वाहन या दोहोंच्या मध्ये नेमके कोठे बसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांच्या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. माझे वडील रिक्षा चालवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि माझी फी या तीन चाकांवरूनच आली आहे. जी वस्तू आपल्या घरात चूल पेटवते, तीच दुसऱ्या देशात खेळणे कशी होते, हे समजून घ्यावेसे वाटले. शिवाय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हौसेचे वावडे असण्याचे कारण नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये रिकामपण भोगणाऱ्या वर्गावर आख्खा ग्रंथ लिहिला, तो अर्थशास्त्राचाच समजला जातो.

१. थोडा इतिहास

मोटारीचा जन्मच मुळी तीन चाकांवर झाला. जर्मनीत कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला पुढे एक आणि मागे दोन चाके होती. पुढची दोन चाके एकाच वेळी योग्य कोनात कशी वळवावीत, हा प्रश्न त्याच्या मनासारखा सुटलेला नव्हता. म्हणून त्याने एकच चाक ठेवले. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था हिने दोन मुलांना बरोबर घेऊन अशाच गाडीतून मानहाइम ते फोर्ट्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला.

मौजेच्या तीन चाकांचा खरा इतिहास मात्र इंग्लंडमधील मालव्हर्न या गावी सुरू होतो. तेथे एच. एफ. एस. मॉर्गन या तरुणाने १९०९ मध्ये एक तीनचाकी बांधली. तिला पुढे दोन आणि मागे एक चाक. इंजिन मोटारसायकलचे, दोन सिलिंडरचे, आणि तेही सर्वांत पुढे, उघडे. गाडी हलकी असल्यामुळे ती भरधाव पळे. शिवाय ब्रिटिश कायद्यात ठरावीक वजनाच्या आतील तीनचाकीवर मोटारीपेक्षा कमी कर असे. गरिबाला परवडणारी आणि तरुणाला धुंदी आणणारी, असा दुहेरी गुण तिच्यात होता. शर्यतीतही ती उतरली. १९२४ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर एका मॉर्गनला गंभीर अपघात झाला आणि त्यानंतर तेथे तीनचाकींना मोटारींबरोबर धावण्यास मनाई झाली.

पुढे ऑस्टिन सेव्हनसारखी स्वस्त चारचाकी आली, मोटारींवरील करही उतरला, आणि मॉर्गनने १९३६ मध्ये स्वतःच चारचाकी काढली. तीनचाकी १९५२ पर्यंत चालली आणि थांबली. येथे अर्थशास्त्राचा एक धडा आहे. ज्या वस्तूची मागणी कराच्या सवलतीवर उभी असते, ती सवलत गेली की वस्तूही जाते. पण याला एक पुरवणी जोडावी लागते. २०११ मध्ये त्याच मॉर्गन कंपनीने तीनचाकी पुन्हा बाजारात आणली, जवळजवळ दोन लिटरच्या इंजिनाची आणि भरपूर किंमतीची. २०२२ मध्ये तिची जागा ‘सुपर थ्री’ने घेतली. एके काळी जी काटकसर होती, तीच शंभर वर्षांनी चैन होऊन परत आली.

मधल्या काळात १९७० मध्ये इंग्लंडमध्येच ‘बाँड बग’ नावाची भडक नारिंगी, पाचरीच्या आकाराची तीनचाकी खास तरुणांसाठी निघाली होती. ती चार वर्षांत संपली. आजची लाट कॅनडातून आली. बर्फावर चालणारी वाहने बनवणाऱ्या बीआरपी या क्विबेकमधील कंपनीने २००७ मध्ये ‘कॅन-ॲम स्पायडर’ आणली. अमेरिकेतील पोलॅरिस कंपनीने २०१४ मध्ये ‘स्लिंगशॉट’ आणली. यापुढील तुलना मुख्यतः या दोहोंवर आधारलेली आहे.

स्पायडरवर माणूस मोटारसायकलप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि हातात हँडल धरतो. स्लिंगशॉटमध्ये मात्र दोघे शेजारी शेजारी, मोटारीप्रमाणे बसतात; समोर गोल स्टिअरिंग असते, पट्टे असतात; पण छप्पर नाही आणि दारे नाहीत. दोन्हींना पुढे दोन व मागे एक चाक.

२. एक चाक पुढे की मागे?

आमच्याकडे चुलीचे दगड तीनच मांडतात, कारण तीन दगडांवर भांडे डगमगत नाही. तिवईचेही तसेच. मग तीन चाकांची गाडी उलटते का? कारण भांडे स्थिर असते आणि गाडी वळणावरून जाते. हा भाग मी आमच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांकडून समजावून घेतला. तो येथे सोप्या आकड्यांत मांडतो. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत.

वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूला आडवा जोर बसतो. हा जोर गाडीच्या वजनाच्या किती पट झाला म्हणजे आतले चाक उचलले जाईल, हे दोन गोष्टींवर ठरते : गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि तो उलटण्याच्या रेषेपासून आडवा किती दूर आहे.

समजा, चारचाकी गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत १२० सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच आहे. मध्यापासून चाकाची रेषा ६० सेंटिमीटरवर. ६० ला ५० ने भागले की १.२ येतात. म्हणजे वजनाच्या १.२ पट आडवा जोर बसेपर्यंत गाडी उलटणार नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण वजनाच्या ०.८ पट धरली, तर गाडी उलटण्याच्या आधीच घसरेल. घसरणे वाईट खरे, पण उलटण्यापेक्षा बरे.

आता यांतील एक चाक काढून टाका. तीन चाकांची टेकण्याची जागा त्रिकोणी होते. गुरुत्वमध्य गाडीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर असेल, तर तेथे त्रिकोणाची रुंदी निम्मीच उरते. ६० चे ३० झाले. ३० भागिले ५० म्हणजे ०.६. टायरची पकड सुटण्यापूर्वीच गाडी उलटेल! यावर उपाय दोन. पहिला, वजन जोडचाकांकडे सरकवावे. गुरुत्वमध्य एकट्या चाकापासून तीन-चतुर्थांश लांबीवर नेला की ३० चे ४५ होतात आणि उत्तर ०.९ येते. दुसरा, गाडी बुटकी करावी. उंची ५० ची ४० केली की उत्तर १.१ च्या पुढे जाते, आणि गाडी जवळजवळ चारचाकीइतकी निर्धास्त होते.

मॉर्गनने इंजिन पुढे का टांगले आणि स्लिंगशॉटची आसने जमिनीला टेकल्यासारखी का असतात, याचे मर्म या भागाकारात आहे.

चाक पुढे की मागे, याला आणखी एक कारण आहे. वळणावर चालक घाबरून ब्रेक दाबतो, तेव्हा गाडीचा भार पुढे झेपावतो. पुढे दोन चाके असतील, तर तो भार त्रिकोणाच्या रुंद बाजूकडे जातो आणि गाडी सावरते. पुढे एकच चाक असेल, तर तो त्रिकोणाच्या टोकाकडे जातो. म्हणजे चालकाच्या हातून जी चूक सर्वांत जास्त घडते, तीच या गाडीला सर्वांत महाग पडते. म्हणूनच हौसेसाठी काढलेल्या बहुतेक नव्या तीनचाकींना पुढे दोन चाके असतात.

३. मोटारसायकलशी तुलना

मोटारसायकलचा आनंद तिच्या कलण्यात आहे. वळणावर ती आत झुकते, आणि वजन व आडवा जोर यांची बेरीज बरोबर टायरवरून जमिनीत जाते. म्हणून ती बाहेरच्या बाजूला सहसा उलटत नाही; पकड गेली तर आत पडते. कलणे हे माणसाच्या शरीराला एक प्रकारचे उडणे वाटते. स्पायडर व स्लिंगशॉट कलत नाहीत. वळणावर चालकाचे अंग बाहेर फेकले जाते आणि त्याला आत रेलून बसावे लागते. मोटारसायकलवर मुरलेल्या माणसाला हे सुरुवातीला परके वाटते. मोटारसायकल वेगात असताना डावीकडे वळायचे, तर हँडलचे डावे टोक पुढे लोटावे लागते, म्हणजे क्षणभर चाक उजवीकडे जाते. तीनचाकीत मात्र जिकडे वळायचे तिकडेच हँडल वळवावे लागते. हाताला लागलेली जुनी सवय येथे शत्रू होते. कलणाऱ्या तीनचाकीही निघाल्या आहेत : इटलीच्या पियाज्योची ‘एमपीथ्री’ २००६ मध्ये आणि यामाहाची ‘निकेन’ २०१८ मध्ये. पण त्या स्वभावाने मोटारसायकलीच होत.

दुसरा मुद्दा मार्गाचा. मोटारसायकल रस्त्यावर एक रेघ ओढते, मोटार दोन, तीनचाकी तीन. मोटारीचा चालक खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेतो. मोटारसायकलस्वार त्याच्या शेजारून जातो. तीनचाकीला दोन्ही वाटा बंद. मधले चाक खड्ड्यात जातेच. जगातील कोणत्याही रिक्षावाल्याला हे सूत्र कोणी शिकवावे लागत नाही.

तिसरा मुद्दा रुंदीचा. स्लिंगशॉट जवळजवळ दोन मीटर रुंद आहे. गर्दीतून वाट काढण्याचा मोटारसायकलचा गुण तिच्यात औषधालाही नाही.

मग तीनचाकीने मिळवले काय? तिने तोल मिळवला. सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. रेतीवर किंवा ओल्या पानांवर चाक सरकले, तरी माणूस लगेच खाली येत नाही. स्पायडरला पहिल्यापासून एक विद्युत यंत्रणा आहे. आतले चाक उचलले जाण्याची चिन्हे दिसताच ती त्या-त्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. याचा खरा लाभ कोणाला होतो, हे पाहण्यासारखे आहे. उतारवयात गुडघे थकतात, तीन-साडेतीनशे किलोची मोटारसायकल तोलणे जमत नाही, पण उघड्या रस्त्याची ओढ सुटत नाही. अशी माणसे तीन चाकांकडे वळतात. हार्ले-डेव्हिडसननेही मागे दोन चाके असलेली ‘ट्राय ग्लाइड’ २००९ सालच्या गाड्यांत आणली. हौसेची म्हणून जिला आपण हसतो, ती एखाद्या अधू माणसाची उरलेली मोकळीक असू शकते. व्हेब्लेनच्या दिखाऊ उपभोगाच्या कल्पनेत ही बाजू बसत नाही.

४. स्पोर्ट्स कारशी तुलना

येथे नमुना म्हणून जपानची माझ्दा एमएक्स-५ घेऊ. ती १९८९ पासून निघते आणि दोन आसनांची उघडी गाडी म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. तिचे वजन सुमारे एक हजार किलोच्या थोडे वर; स्लिंगशॉटचे त्याच्या पाऊणपटीच्या आसपास. पहिल्या स्लिंगशॉटचे इंजिन १७३ अश्वशक्तीचे होते, म्हणजे तेव्हाच्या माझ्दाहून थोडे अधिकच. अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत २० हजार डॉलरच्या एका डॉलरने आत होती. माझ्दाची सुमारे २५ हजार. वजन कमी, शक्ती अधिक, किंमत कमी. हिशेब तीनचाकीच्या बाजूने दिसतो.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. शक्ती जमिनीवर पोचवणारे चाक एकच आहे. पावसाळी रस्त्यावर ते नेमके पट्ट्याच्या मध्यावरून धावते, जेथे इतर गाड्यांतून ठिबकलेले तेल साचलेले असते. पाऊस आला तर माझ्दाचे कापडी छत मिनिटाभरात ओढता येते. स्लिंगशॉटमधील माणूस भिजतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माझ्दामध्ये धडकेच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या आहेत, बाजूला दार आहे, पुढचा सांगाडा धडक सोसण्यासाठी बनवलेला आहे. स्वस्ताई कोठून आली, याचे उत्तर बरेचसे येथे मिळते.

५. नावात काय नाही?

स्लिंगशॉटला हे सारे नसले तरी चालते, याचे कारण कायद्याने तिला दिलेले नाव. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे, ज्याला बसण्यासाठी आसन किंवा खोगीर आहे आणि जे जमिनीवर तीनपेक्षा जास्त चाकांवर चालत नाही, असे स्वयंचलित वाहन म्हणजे मोटारसायकल. म्हणजे स्टिअरिंग, पट्टे आणि शेजारची बैठक असूनही ती मोटारसायकलच! मग मोटारीच्या धडक-चाचण्या तिला लागू नाहीत. राज्यांचे नियम निराळे. टेक्सासच्या कायद्यात नुसत्या खोगिराचा उल्लेख होता, आणि या गाडीत तर खुर्च्या; त्यामुळे तेथे तिची नोंदणी अडली आणि २०१५ मध्ये कायदा बदलावा लागला. पुढे अनेक राज्यांनी ‘ऑटोसायकल’ असा तिसराच वर्ग केला आणि त्यासाठी मोटारसायकलचा परवाना आवश्यक ठेवला नाही. परिणाम असा की, संरक्षण मोटारसायकलचे आणि परवाना मोटारीचा, असे दोन्हीकडचे कमी ते एकत्र आले.

आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन, मग त्याला सुटी होणारी साइडकार जोडलेली असो वा नसो, अशी व्याख्या आहे. म्हणून ही गाडी आपल्याकडे मोटारसायकल ठरणार नाही. एका शब्दाच्या व्याख्येवर माणसाचे हाड वाचणे अवलंबून असते, हे येथे ध्यानात येते.

कायदा झोपला म्हणजे काय होते, याचे उदाहरण इतिहासातच आहे. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, म्हणून होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत फुगीर टायरांची, माळरानावर चालणारी तीनचाकी आणली. तिला पुढे एक चाक होते. मागची दोन चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली होती, त्यामुळे वळताना अंगाचे वजन सफाईने टाकावे लागे. दिसायला ती लहान मुलांच्या ट्रायसायकलसारखी. म्हणून पालकांना ती निरुपद्रवी वाटली. अनेक अपघात झाले, मृत्यू झाले, आणि त्यांत मुलेही होती. अखेर १९८८ मध्ये सरकार व उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. तीन चाके पाहिली की मनुष्य निर्धास्त होतो. हा भास फार घातक ठरला.

६. आपली रिक्षा

आपल्या रिक्षाचे कूळही याच घराण्यातले. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्यो कंपनीने व्हेस्पा स्कूटरच्या अंगाने ‘आपे’ ही मालवाहू तीनचाकी १९४८ मध्ये आणली. त्याच कंपनीच्या सहकार्याने पुण्याच्या बजाज ऑटोने आपल्याकडे स्कूटर व रिक्षा बनवल्या. तिला पुढे एकच चाक, म्हणजे वर सांगितलेल्या दोन प्रकारांतील अधिक नाजूक प्रकार. इंजिन मागे आणि प्रवासी मागे, म्हणून भार जोडचाकांवर राहतो आणि ती निभावून नेते. हा समतोल प्रवाशांच्या बसण्यावर टिकलेला आहे.

आमच्या भागात आठवडी बाजाराच्या दिवशी वडाप चालते. तेव्हा चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसतो. वडीलही बसवतात. त्या दोन भाड्यांतून कर्जाच्या हप्त्याचा हिस्सा निघतो. नाही बसवले तर तो निघत नाही. वरील भागाकार येथे करून पाहू. समजा रिक्षाचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच आणि तीन-चतुर्थांश लांबीवर आहे. ४५ भागिले ६० म्हणजे ०.७५. पुढे दोन माणसे बसल्याने तो पाच भागांतील तीन भागांवर सरकला, तर ३६ भागिले ६० म्हणजे ०.६. पाच हिश्शांतला एक हिस्सा निर्धास्तपणा दोन भाड्यांपायी विकला गेला. हे गणित मी वडिलांना कागदावर दाखवले. ते म्हणाले, “पुढं माणूस असला की वळणाच्या आधीच गाडी हळू करायची, वळणात ब्रेक मारायचा नाही.” सरांनी फळ्यावर जे काढले, तेच त्यांनी एका वाक्यात सांगितले. पण शहाणपण असले तरी हप्ता टळत नाही, हेही तितकेच खरे.

७. समारोप

तिन्ही वाहनांचा निवाडा करायचा तर असे म्हणता येईल. कलण्याचा आनंद आणि चपळाई हवी असेल, तर मोटारसायकल. संरक्षण, निवारा आणि चारही चाकांची पकड हवी असेल, तर स्पोर्ट्स कार. अंगावर वारा हवा आणि तोल मात्र जमत नसेल, अशांसाठी तीनचाकी. मात्र ती पुढे दोन चाकांची, बुटकी आणि आपल्या मर्यादा स्पष्ट सांगणारी असावी. ती या दोन वाहनांचा सुवर्णमध्य आहे, असे विक्रेते म्हणतात; मला ते पटत नाही. तिने दोन्हींतून काही घेतले आहे आणि दोन्हींतले काही गमावले आहे.

अमेरिकेतील हौशी माणूस धोका पत्करतो तो स्वतःच्या आनंदासाठी, जाणूनबुजून आणि स्वतःच्या पैशाने. बाजारच्या दिवशी रिक्षात पुढे बसलेली म्हातारी तोच धोका पत्करते, कारण तिच्या गावाला संध्याकाळी एस. टी. नसते. पहिल्याला हौस म्हणतात. दुसऱ्याला आपण नावही दिलेले नाही. अर्थशास्त्रात आपण निवडीचे स्वातंत्र्य शिकतो. निवड करायला दुसरी वस्तू समोर असावी लागते, एवढे या तीन चाकांनी मला शिकवले. संध्याकाळची एक एस. टी. वाढली, तर रिक्षाचा गुरुत्वमध्य आपोआप मागे सरकेल.